दहावीचा मुलगा आणि रात्रीचा फोन

एका आईचं पत्र, थोडं आवरून:

‘आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. मुलगा मराठी शाळेत दहावीला आहे. नववीच्या सुट्टीत त्याला फोन घेऊन दिला, कारण गृहपाठ वर्गाच्या ग्रुपवर येतो आणि कन्नडचे धडे तो यूट्यूबवर बघतो. आता रात्री एक-दीडपर्यंत पांघरुणात फोन चालू असतो. सकाळी सहाला उठवलं की अंगावर येतो. पहिल्या चाचणीत कन्नडात गुण फार कमी पडले, तेव्हापासून खेळायलाही जाईना झालाय. त्याचे बाबा उद्यमबागला कारखान्यात आहेत, शिफ्ट असते. मागच्या आठवड्यात त्यांनी फोन हिसकावून कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं. पोरगा दोन दिवस जेवला नाही, बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मीच काढून दिला. घरातले म्हणतात, फोननं मेंदू किडतो, परीक्षा होईपर्यंत देऊच नका. धाकटी तेरा वर्षांची आहे, तीही आता फोन मागायलीय. काय करावं?’

ताई,

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. परीक्षेपर्यंत फोन काढून घेऊ नका. रात्रीचा फोन मात्र याच आठवड्यापासून बंद करा, आणि तो घरातल्या प्रत्येकाचा. दिवसा तो किती तास बघतो यावरून सध्या एक शब्दही काढू नका. ते नंतर बघता येईल.

असं का, ते तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही दोन गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत. एक, तो दीडपर्यंत जागतो आणि सहाला उठतो. दुसरी, चाचणीनंतर त्याचं खेळणं बंद झालं. फोन दोन्हीकडे आहे, पण त्याचं काम दोन्हीकडे वेगळं आहे. झोपेच्या बाबतीत फोन हे कारण आहे. खेळ सुटण्याच्या बाबतीत तो बहुधा आडोसा आहे. कारण असेल तिथे फोनला हात घालावा. आडोसा असेल तिथे आधी पाठीमागे काय आहे ते बघावं. कपाटाच्या कुलपानं दोन्हीवर एकच उपाय झाला, म्हणून तो टिकला नाही.

‘मेंदू किडतो’ हे वाक्य घरात बंद करा. असं काही होत नाही हे मुलाला कळतं, आणि मग त्याच तोंडची खरी गोष्टही तो कानाआड करतो. २०१९ साली एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांच्या नोंदी तपासल्या. मुलांच्या मनाच्या स्वास्थ्यात जो कमीजास्तपणा दिसतो, त्यातल्या जास्तीत जास्त ०.४ टक्क्याचा संबंध स्क्रीनच्या वापराशी लागला. म्हणजे इतके तास बघितलं की पोर बिघडलंच, असा सरळ हिशेब नाही. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीत मूल दिसत नाही. काही मुलांना फोननं फारसं काही होत नाही आणि काहींना तो खोलवर दुखावतो. जास्त सोसावं लागतं ते तिघांना: ज्याची झोप जाते त्याला, ज्याला ग्रुपवर कुणीतरी छळतं त्याला, आणि जो आधीच कशानं तरी खचलेला असतो त्याला. तुमचा मुलगा पहिला आणि तिसरा आहे असं आम्हांला वाटतं. दुसरा आहे का, ते तुम्हीच हळू विचारून बघायला हवं.

झोपेचा हिशेब

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला २४ तासांत ८ ते १० तास झोप लागते. तुमच्या मुलाला साडेचार मिळते. एखाद्या रात्री असं झालं तर चालतं, पण शाळा सुरू झाल्यापासून हेच चाललंय. सकाळी अंगावर येणं, वाचलेलं न टिकणं, वर्गात डोळा लागणं, शाळेतून आल्यावर भलतंच खात सुटणं, बारीकसारीक गोष्टीवर रडू किंवा राग येणं, हे सगळं एवढ्या कमी झोपेनंही होऊ शकतं. दिवसा पाठ केलेलं झोपेत पक्कं होतं. तेव्हा रात्रीचे तीन तास गेले की दिवसाचा अभ्यासही त्यातच वाहून जातो. दहावीच्या मुलाला पटेल असं कारण कुठलं असेल तर ते हेच. त्याला हे याच शब्दांत सांगा.

दुसरी बाजूही त्याला सांगा, म्हणजे आपली बाजू घेणारं कुणीतरी आहे असं त्याला वाटेल. वयात येताना शरीरातलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहान मुलांपेक्षा एक-दोन तास उशिरा तयार व्हायला लागतं. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला नऊला झोप येत नाही, यात त्याचा आळस नाही की हट्टही नाही. म्हणून आजीसारखं नवाला दिवा मालवा असं आम्ही म्हणणार नाही. दहा ही वेळ धरा. दहाला झोप आणि साडेसहाला जाग, म्हणजे साडेआठ तास. तुमच्याकडे सहाला उठवतात. शाळेची बस चुकत नसेल तर तो अर्धा तास त्याला द्या.

फोनच्या निळ्या उजेडाबद्दल बरंच बोललं जातं. उजेडाचा परिणाम आहे, पण जागवण्याचं मोठं काम पडद्यावर जे चाललंय ते करतं. एक रील संपली की दुसरी आपोआप सुरू होते, पुढची कशी असेल ते माहीत नसतं, आणि ते माहीत नसणं हाच मनाला लागलेला गळ असतो. त्यामुळे पडदा पिवळसर केला, चष्म्याला निळा उजेड अडवणारी काच बसवली, तरी मूल दीडपर्यंत जागंच राहतं. अशा गोष्टींवर पैसे घालवू नका.

आमच्या भागातली एक बारीक गोष्ट इथे सांगायला हवी. बऱ्याच घरांत वायफाय नसतो, दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असतो. तो संध्याकाळीच संपतो आणि रात्री बाराला नव्यानं भरतो. काही पॅकमध्ये तर बारा ते सहा डेटा मोजलाच जात नाही. मुलं बारा वाजायची वाट बघत जागी राहतात. फोनमध्ये ॲपला रोजची मर्यादा घातली असेल तर तीही मध्यरात्रीच नव्यानं सुरू होते. साडेअकराला बंद पडलेलं इन्स्टाग्राम बाराला उघडतं. म्हणून फोन खोलीत ठेवून आत कुलपं घालण्यापेक्षा फोनच खोलीबाहेर ठेवणं जास्त पक्कं.

फोन कुठे आणि कसा ठेवायचा

आधी एक गजराचं घड्याळ आणा, साधं, सेलवर चालणारं. ‘गजर फोनमध्येच आहे’ ही पहिली सबब असते, आणि ती खरीही असते. ती अशी मोडायची.

मग सोप्यात किंवा स्वयंपाकघरात एक फळी ठरवा. जवळ चार्जिंगचा सॉकेट हवा. घरातले सगळे चार्जर तिथेच आणून ठेवा आणि झोपायच्या खोलीत एकही ठेवू नका. चार्जर आत राहिला की फोन त्याच्यामागोमाग आत जातो. त्याच्या बाबांचा फोन, तुमचा, आजोबांचा, सगळे त्याच फळीवर. कारखान्यातून रात्री फोन येत असेल तर घंटी मोठी ठेवा, सोप्यातून ऐकू येते. बाबांचा फोन उशाशी आणि पोराचा फळीवर, असा नियम चार दिवसही टिकत नाही. दुसरी शिफ्ट करून ते मध्यरात्रीच्या सुमारास घरी येत असतील आणि जेवताना व्हिडिओ बघत असतील, तर ते सोप्यात बसून बघू देत. ज्या खोलीत मुलं झोपलीत तिथे नको. त्यांनाही थकवा घालवायला काहीतरी हवं असतं, ते आम्ही समजतो.

आता वेळेचं. आज दीडला झोपणाऱ्याला उद्या दहाला आडवं केलं तर तो अंधारात डोळे उघडे ठेवून तीन तास पडून राहील आणि तिसऱ्या रात्री फोन घेऊन बसेल. शरीराचं घड्याळ एवढी उडी मारत नाही. पहिल्या तीन रात्री फोन बाराला फळीवर. पुढच्या तीन रात्री साडेअकराला. मग अकरा, साडेदहा, दहा, आणि शेवटी साडेनऊ. प्रत्येक पायरीला तीन रात्री धरल्या तर १८ रात्री होतात. मधे घरचं लग्नकार्य, जत्रा, गणपती आला तर एखादी पायरी चार-पाच रात्रींवर जाईल, जाऊ द्या. फक्त मागच्या पायरीवर परत जाऊ नका.

उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून एकच. रविवारीही फार तर तासभर उशीर. रविवारी बारापर्यंत झोपू दिलं की सोमवारी रात्री पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उठल्यावर वीस-तीस मिनिटं अंगणात उजेडात बसू दे किंवा काहीतरी काम करू दे. सकाळच्या उजेडानं घड्याळ मागे सरकायला मदत होते. दिवसा झोप अनावर झाली तर दुपारी चारच्या आत वीस मिनिटं, गजर लावून. आणि संध्याकाळचा चहा बंद करा, निदान दहावीच्या वर्षापुरता. सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असू शकतं. आपल्याकडे शाळेतून आलेल्या मुलाला कपभर चहा दिल्याशिवाय आईला चैन पडत नाही, हे आम्हांला माहीत आहे. दूध द्या, आंबील द्या, सोलकढी द्या.

पहिला आठवडा जड जाईल. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चिडचिड सगळ्यात जास्त होण्याची शक्यता. त्या दिवसांत बाबांची कुठली शिफ्ट येते ते बघून सुरुवातीचा दिवस ठरवा. त्या रात्री घरात दोघं मोठे असलेले बरे.

उपाशी राहण्याबद्दल. दोन दिवसांनी तुम्ही फोन काढून दिलात. पोर उपाशी असताना कुठल्या आईला घास उतरेल? पण त्यातून ताट सरकवलं की फोन मिळतो, हे त्याला कळलं. आता फोन त्याचाच राहणार आहे, फक्त रात्री फळीवर असणार आहे, त्यामुळे तेवढं टोक यायचं कारण नाही. तरी रुसलाच तर ताट वाढून झाकून ठेवा, एकदा सांगा, ‘जेवण झाकून ठेवलंय, भूक लागली की घे,’ आणि तिथून उठा. पुन्हापुन्हा विनवू नका. जेवणाचा आणि फोनचा संबंध तुमच्या तोंडून जोडला जाऊ नये.

सेटिंगमध्ये काय करायचं, आणि ते कुठे फसतं

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग नावाचा भाग असतो. त्यात कुठलं ॲप किती वेळ वापरलं, फोन दिवसात किती वेळा उघडला, किती नोटिफिकेशन आली, सगळं दिसतं. सात दिवसांचे आकडे मुलाला बाजूला बसवून त्यालाच वाचायला सांगा. तुम्ही काही बोलू नका. आपण किती वेळा फोन उघडतो याचा अंदाज त्याला स्वतःलाही नसतो, आणि आईनं सांगितलेल्या आकड्यापेक्षा स्वतः वाचलेला आकडा जास्त लागतो. त्याला पटलं तर तुमचेही आकडे त्याला दाखवा.

मग नोटिफिकेशन. कॉल आणि वर्गाचा ग्रुप सोडून बाकी सगळ्यांची बंद. मित्रांचे ग्रुप कायमचे म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकता येतात, ग्रुप सोडावा लागत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ग्रुप सोडायला लावणं म्हणजे कट्ट्यावरून हाकलणं. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, आणि बघितलेल्याची हिस्ट्री पुसून ती बंद ठेवा. मग मुख्य पानावर शिफारशींचा ढीग येणं जवळपास थांबतं, हवा तो धडा शोधूनच काढावा लागतो. कन्नडचे धडे घरी आधी उतरवून घ्या, नंतर डेटा बंद करून बघू दे. धडा बघायला बसलेला मुलगा दहा मिनिटांनी क्रिकेटच्या व्हिडिओत सापडतो, तो बहुतेक वेळा याच वाटेनं गेलेला असतो.

इन्स्टाग्रामवर १८ वर्षांखालच्यांसाठी टीन अकाउंट असतं. भारतात ते २०२५ च्या फेब्रुवारीत आलं. खातं आपोआप खाजगी राहतं, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प असतात. पण ते जन्मतारखेवर चालतं, आणि पुष्कळ मुलांनी खातं उघडताना जन्मसाल मागचं टाकलेलं असतं. ते एकदा तपासा. पालकांच्या फोनवरून मुलाचा फोन ठराविक वेळी बंद करणारं गूगलचं फॅमिली लिंकही आहे. ते चांगलं आहे, पण आपल्या घरांत तुमचं गूगल खातं, तुमचा पासवर्ड, तुमचा पिन हे सगळं पोरानंच करून दिलेलं असतं. मग कुलूप तुमचं आणि किल्ली त्याची. आधी तुमचा पासवर्ड आणि पिन बदला, तोही कुणा मोठ्याच्या मदतीनं. यूपीआयचा पिनसुद्धा.

ही सगळी कुलपं मुलं उघडतात, म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नका. मुलानं स्वतः कबूल केलेली एक गोष्ट त्याच्यावर लादलेल्या पाच गोष्टींपेक्षा जास्त टिकते. वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा: फोन फळीवर कधी, सकाळी हातात कधी (शाळेला निघेपर्यंत नको), आणि एखादे दिवशी मोडलं तर काय. शेवटची ओळ त्याला लिहू द्या. मुलं स्वतःला आपल्यापेक्षा कडक शिक्षा लिहितात, तेव्हा ती सौम्य करायचं काम तुमचं.

एक काम शाळेतही करा. वर्गशिक्षकांना भेटून सांगा की गृहपाठ संध्याकाळी सातच्या आत ग्रुपवर टाकावा. नऊ-साडेनऊला आलेला गृहपाठ हे रात्री फोन हातात ठेवण्याचं सगळ्यात सभ्य निमित्त असतं. चार पालक मिळून गेलात तर शिक्षक ऐकतील. त्यांनाही रात्रीच्या मेसेजचा त्रास असतोच.

कन्नडची चाचणी

पत्रातलं एक वाक्य आम्ही पुन्हापुन्हा वाचलं: गुण कमी पडले, तेव्हापासून खेळायला जाईना. फोन तर त्याआधीपासून हातात होता. म्हणजे काहीतरी त्या दिवशी झालं. गुण वर्गात मोठ्यानं वाचले का, कुणी हसलं का, ग्रुपवर कुणी त्याच्या पेपरचा फोटो टाकला का, तालमीतल्या किंवा मैदानावरच्या पोरांनी काही नाव पाडलं का? लाजलेला मुलगा माणसं टाळतो, आणि फोन हा माणसं टाळण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. रील बघताना कुणी गुण विचारत नाही.

खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत घरी, शेतात, देवळात मराठीच. कन्नड बोलायला कुणी नसतं आणि पुस्तकातली कन्नड बोलण्यातल्या कन्नडपेक्षा निराळी. अशा मुलाला तो पेपर डोंगराएवढा वाटणं साहजिक आहे. त्यात पुढच्या वर्षी पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गेलं की बहुतेकांना सगळं इंग्रजीतून. या दोन भित्या मुलं घरी बोलत नाहीत, कारण घरच्यांकडे त्याचं उत्तर नसतं असं त्यांना वाटतं.

त्याला विचारायचं तर रात्री नको, फोन हातात असताना नको, समोर बसवून नको. शेताकडे जाताना, बसथांब्यापर्यंत सोडताना, भांडी लावताना, म्हणजे दोघांचे हात आणि डोळे दुसरीकडे असताना विचारा. ‘त्या दिवशी पेपर मिळाला तेव्हा काय झालं रे?’ एवढंच. उत्तर आलं नाही तर गप्प राहा, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. उत्तर आलं तर लगेच उपाय सांगू नका आणि ‘आमच्या वेळी’ तर अजिबात नको. ‘मग तुला कसं वाटलं?’ एवढं विचारून ऐका.

उपाय त्यानंतर. कन्नडच्या शिक्षकांना तुम्ही स्वतः भेटा, मुलाला न घेता, आणि उत्तीर्ण व्हायला नेमका कुठला भाग पक्का हवा ते विचारून घ्या. रोज अर्धा तास, वही-पेन घेऊन, फोन दुसऱ्या खोलीत. वाचून दाखवायला कन्नड येणारं कुणी शेजारी असेल तर उत्तम. आणि त्याला हे सांगा: २०२४ पासून कर्नाटकात दहावीच्या पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले तर त्याच वर्षी पुन्हा बसून ते वाढवता येतात. एका पेपरवर वर्ष जात नाही, एवढं कळलं तरी छातीवरचं ओझं हलकं होतं.

खेळणं परत सुरू व्हायला हवं. या वयाला रोज तासभर घाम येईल अशी हालचाल लागते. जुन्या टोळीत जायला लाज वाटत असेल तर दुसरी जागा शोधा: तालीम, कबड्डी, गणेशोत्सवाआधी झांजपथकाचा सराव. पावसात बाहेर पडणं होत नसेल तर घरातलं अंगमेहनतीचं काम द्या, पण ते शिक्षा म्हणून नको. फोनमधून मोकळा झालेला सगळा वेळ अभ्यासानं भरू नका. तसं केलंत तर फोन ठेवण्यात त्याला काहीच फायदा दिसणार नाही.

आणखी एक, थोडक्यात. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास सीमाभागात मराठी-कन्नड भांडणाच्या रील आणि स्टेटसचा पूर येतो. पोरं तावातावानं खाली लिहितात, कुणी स्क्रीनशॉट काढतं, आणि गावात किंवा पोलिसांपर्यंत प्रकरण जातं. भाषेवरचं प्रेम खरं असतं, पण रात्री रागात लिहिलेलं सकाळी पुसता येत नाही. त्या दिवसांत काहीही टाकण्याआधी एक रात्र जाऊ द्यायची, एवढं त्याच्याशी आधीच ठरवा.

डॉक्टर कधी

दोन आठवड्यांहून जास्त उदास राहणं, शाळा टाळणं, अन्न तुटणं, कशातच गोडी न वाटणं दिसलं तर वाट बघू नका. फोन रात्री बाहेर ठेवून तीन आठवडे झाले आणि तरी झोप लागत नसेल, तरीही दाखवा. गेमिंगचा आजार जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलाय, पण तो म्हणायला साधारण बारा महिने खेळावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळं मागे पडलेलं आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू, असं असावं लागतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. तेव्हा ‘व्यसनी’ हा शब्द घरात नको.

१४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, भाषा निवडता येते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. खानापूरच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दिवशी येतात ते आधी विचारून घ्या. धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था बसनं एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. फोन आणि गेमच्या तक्रारींसाठीच बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून शट नावाचं वेगळं क्लिनिक चालतं, पण सुरुवात तिथून करायची गरज नाही.

मरणाचं बोलणं, अंगावर ओरखडे-चिरे, ‘मी नसतो तर बरं’ असं वाक्य, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हलायचं. त्याला एकटं सोडू नका. आणि शेतकरी घरात एक काम आजच करा, असं काही दिसत नसलं तरी: कीटकनाशक आणि तणनाशक कुलपात, किल्ली मोठ्यांच्या अंगावर. तो जीवघेणा झटका बऱ्याचदा थोड्याच वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर फार अवलंबून असतं.

धाकटीचं

तिला आत्ता स्वतःचा फोन नको. तिनं तुमचा फोन सोप्यात बसून, ठरलेल्या वेळी वापरावा. पण भावाला तेराव्या वर्षी जे नव्हतं तेच तिलाही नाही, असं तिला दिसायला हवं. मुलगी म्हणून नाही, असं दिसलं की ती भावाचा किंवा मैत्रिणीचा फोन लपून वापरेल. ग्रामीण भागातल्या शिक्षणाच्या ‘असर’ या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २० टक्क्यांकडेही नव्हता. दुसऱ्याच्या फोनवर शिकलेल्या मुलीला पासवर्ड, ब्लॉक, रिपोर्ट हे कुणी शिकवलेलं नसतं. ते तिला तुम्ही या वर्षीच शिकवा, तुमच्याच फोनवर.

आणि दोघांनाही, वेगवेगळं बसवून, एक वचन द्या. फोनवर कुणी धमकावलं, फोटो मागितला, फोटो पसरवीन म्हणालं, गेममध्ये पैसे गेले, काहीही झालं तरी आमच्याकडे या. फोन काढून घेणार नाही, शाळा बंद करणार नाही, बाबा हात उचलणार नाहीत. मुलं महिनोन्‌महिने गप्प राहून धमकावणाऱ्याचं ऐकत राहतात त्याचं मोठं कारण घरच्यांची भीती हे असतं. मुलींच्या बाबतीत तर शाळा सुटण्याची. हे वचन बाबांनी स्वतःच्या तोंडानं द्यायला हवं, मागच्या आठवड्यात कपाटाला कुलूप त्यांनी घातलं होतं म्हणून. असं काही घडलंच तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, पैसे देऊ नका, त्या माणसाला ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मुलांवरच्या कुठल्याही छळासाठी १०९८.

हे दोन्ही क्रमांक आणि १४४१६ फळीच्या वर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.